क्रूझवर जेवणाचे जादा पैसे कधी द्यावेत?

तिकिटात जेवण धरलेलं असतं, तरी बोटीवर चढलं की स्पेशालिटी रेस्टॉरंटचं (म्हणजे वेगळे पैसे घेणाऱ्या खास रेस्टॉरंटचं) बुकिंग गळ्यात मारायला कोणीतरी उभंच असतं. लगेच हो म्हणू नका.

१. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून दोन-तीन रात्रींसाठी गोव्याला जाऊन येणार असाल, तर विषय सोडा. तेवढ्यात बुफेसुद्धा धड चाखून होत नाही.

२. आठवडाभराची सफर असेल तर त्या रेस्टॉरंटच्या दाराबाहेर लावलेला मेनू वाचा. नूडल्स, पास्ता, पनीर तिकिटातल्या बुफेत असतंच. समोर तव्यावर परतून देणारं तेप्पानयाकी, ताजी सुशी, चांगला स्टेक असं बुफेत न मिळणारं काही असेल तरच पुढचा विचार.

३. दर माणशी ठरलेला आहे की पदार्थागणिक, ते विचारा. माणशी दर खवय्यांना परवडतो. दोन घास खाऊन उठणाऱ्या आजींसाठी नाही. अनेक परदेशी बोटींवर वर १८ ते २० टक्के सेवाशुल्क लागतं, ते धरून रुपयांत आकडा काढा. तेवढ्यात कुलाब्यात किंवा वांद्र्यात काय मिळतं, हे आपल्याला पाठ असतं. (चायनीजसाठी तर मी समुद्रात दमडी खर्च करणार नाही.)

४. जायचंच ठरलं तर दुपारचं जेवण आणि पहिल्या दिवसाची सवलत आधी विचारा. काही बोटींवर दर बराच उतरतो.

मात्र टेबल राखून गेला नाहीत, तर बऱ्याच बोटींवर पैसे खात्यातून कापले जातात. रद्द करायची मुदत बुकिंग करतानाच विचारून घ्या.