बंदरावर ड्रोन न्यायच्या आधी

बॅटऱ्या चार्ज, कार्ड रिकामं, जास्तीचे पंखे, हे सांगत बसत नाही, ते तुम्ही करताच. मला सांगायचंय ते होम पॉइंटबद्दल, म्हणजे ड्रोन स्वतःहून परत येऊन उतरतो त्या जागेबद्दल, आणि ते परत परत सांगणार आहे, कारण मागच्या खेपेला दापोलीजवळच्या हर्णै बंदरात बोटीतून ड्रोन उडवला आणि नेमकं तेवढंच बघायचं राहिलं, ड्रोन पाण्यात गेला.

पण पहिल्यांदा जागा. मुंबईचं नाव काढू नका. ससून डॉक, भाऊचा धक्का, गेटवेचा परिसर, सगळं नौदलाच्या अंगणात आहे, आणि नौदलाने 2021 मध्येच आपल्या तळांभोवती 3 किलोमीटर ड्रोनबंदी जाहीर केलीये, विनापरवाना दिसला तर पाडू किंवा जप्त करू असं सरळ सांगून. पलीकडे उरणजवळच्या करंजालाही नौदलच आहे. गोव्यात मुरगाव बंदर म्हणाल तर तिथे दाभोळीचा नौदलाचा विमानतळ. रत्नागिरीला तटरक्षक दलाचा विमानतळ आहे, त्यामुळे तिथल्या मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर जायच्या आधीही नकाशा बघा. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनच्या वेबसाइटवरच्या नकाशावर कुठला झोन आहे ते दिसतं, घरून निघायच्या आदल्या रात्री बघायचा आणि सकाळी परत बघायचा. ग्रीन, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येणारा झोन असेल तरी 400 फुटांच्या वर जायचं नाही, आणि विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरमध्ये असाल तर ती मर्यादा 200 फूट. "माझा 249 ग्रॅमचा आहे, मला काही लागत नाही" असं म्हणणारे भरपूर भेटतात. पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही एवढंच खरं, परवानगीशिवाय बंद असलेला रेड झोन सगळ्यांना रेड. हर्णैला सुवर्णदुर्ग समोरच दिसतो म्हणून तिकडे वळवायचा मोह होतो, तो पुरातत्त्व खात्याचा संरक्षित किल्ला आहे, त्यांच्या परवानगीशिवाय नाही.

सागरी पोलीस ठाण्यात आणि बंदर निरीक्षकाच्या ऑफिसात आधी जाऊन सांगायचं, कोण, कुठे, किती वेळ. मग मच्छीमार सोसायटीत. ही पायरी लोक गाळतात आणि मग आरडाओरडा होतो. 2025 च्या जानेवारीपासून राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग बेकायदा मासेमारी पकडायला स्वतःच ड्रोन वापरतोय, त्यामुळे डोक्यावर घरघर ऐकली की खलाशांना पहिल्यांदा तेच वाटणार, आणि त्यांचं काही चुकत नाही. तांडेलाशी, म्हणजे बोटीच्या प्रमुखाशी बोला, स्क्रीन दाखवा. लिलावात बसलेल्या बायकांच्या डोक्यावरून तर विचारल्याशिवाय अजिबात न्यायचा नाही, त्या कामात असतात, तिथे पोटापाण्याचा व्यवहार चाललेला असतो. जून-जुलैत जाऊ नका, मासेमारी बंद असते आणि पाऊसही असतो.

आता होम पॉइंट. बोटीवरून उडवलात की ड्रोन जिथून उठला तो पाण्यावरचा ठिपका त्याच्या मेमरीत बसतो. बोट पुढे जाते, ठिपका तिथेच राहतो. सिग्नल तुटला किंवा बॅटरी उतरली की ड्रोन त्या ठिपक्यावर येऊन खाली उतरायला लागतो आणि खाली बोट नसते. नांगरलेली बोट आहे म्हणून चालेल असंही नाही, ओहोटी संपून भरती लागली की तीच बोट दोराच्या टोकाला फिरून भलतीकडे तोंड करून उभी असते. त्यात पाण्यावर पोटाखालचे सेन्सर गडबडतात, हलत्या चमकत्या पाण्यावरून उंचीचा अंदाज नीट येत नाही. म्हणून उडाल्यावर "होम पॉइंट अपडेटेड" असा आवाज येतो ना, तेव्हा घाई न करता डोक्याएवढ्या उंचीवर थांबवायचा, नकाशा उघडायचा, ठिपका कुठे पडलाय ते डोळ्यांनी बघायचं, आणि सेफ्टीच्या सेटिंगमधून तो उचलून किनाऱ्यावर मोकळ्या वाळूत ठेवायचा. वाळूतसुद्धा भरतीच्या रेषेच्या वर. सगळ्यात बरं म्हणजे किनाऱ्यावरूनच उडवा, बोटीचा हट्ट धरू नका. आणि बॅटरी बदलून परत उडवलात की ठिपका नवीन पडतो, आधी हलवलेला गेला, परत बघा. प्रत्येक बॅटरीला बघा. मित्र म्हणेल चल रे ऊन जातंय, जाऊ दे ऊन, होम पॉइंट बघा.

सेफ्टीच्या त्याच पानावर ड्रोनची परत यायची उंची असते, ती आसपासच्या डोलकाठ्या, दीपस्तंभ, क्रेन, सगळ्यांच्या वर ठेवा. बोटींच्या डोलकाठ्यांमधले बारीक दोर आणि वायरी सेन्सरला दिसत नाहीत, दोन बोटींच्या मधून काढायचा शॉट डोक्यातून काढून टाका. ड्रोनने कंपास कॅलिब्रेट करायला, म्हणजे दिशा नव्याने जुळवून घ्यायला सांगितलंच तर ते धक्क्यावर करू नका, काँक्रीटच्या पोटात लोखंड असतं, लांब वाळूत जा.

वारा. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, म्हणजे जाताना ड्रोन मजेत जातो आणि येताना वाऱ्याविरुद्ध रखडतो, बॅटरी येताना संपते. त्यामुळे अर्धी असतानाच वळवा. दुपारी खारा वारा उलटा, पण जोरात. वर गेलं की वारा वाढतो, खाली झेंडा शांत दिसला म्हणून फसू नका.

घारी. मासळीच्या बंदरावर त्या असणारच. एक गोल फिरायला लागली की बाजूला पळवू नका, सरळ वर घ्या, मग लांब न्या, आणि उतरवा. विणीच्या दिवसांत जास्त चिडतात.

उतरवणं: हातात घेणार असाल तर बाही खाली, बोटं पंख्यापासून लांब, डुलत्या बोटीवर नकोच. वाळूत उतरवायचा तर खाली मॅट.

घरी आल्यावर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, मीठ मोटरीत जाऊन बसतं. बॅटऱ्या पूर्ण भरून ठेवू नका. क्लिपा कॉपी करा. तांडेलाला व्हिडिओ पाठवतो म्हणाला असाल तर त्याच दिवशी पाठवा.