ताठ बसूनही पाठ का दुखते? बसण्या-वाकण्यातल्या या चुका टाळा

पाठ दुखते म्हटलं की ऐकणारा हमखास सांगतो, ‘अहो, ताठ बसत जा.’ आपण लगेच छाती पुढे काढतो, खांदे मागे ओढतो, आणि पुढचा मेल येईपर्यंत पुन्हा पोक काढून बसलेलो असतो. यात आळशीपणाचा भाग फारसा नाही. स्नायू सतत आवळून धरला की त्यात रक्त नीट खेळत नाही, तो थकतो आणि सैल पडतो. तेव्हा पहिली चूक हीच: कवायतीला उभं राहिल्यासारखं ताठ बसायचा हट्ट. दहा मिनिटं पोक काढून बसलात तर काही बिघडत नाही. ताठ बसून तीन तास जागचे हलला नाहीत, तर मात्र कंबर धरणार.

याचं एक कारण मणक्यांमधल्या गादीत आहे. मोठ्या माणसाच्या गादीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण वरच्या-खालच्या मणक्यांतून झिरपत येतं, आणि दाब कमी-जास्त होत राहिला की ही ये-जा बरी चालते. मी अर्ध्या तासाला एकदा उठायचा हिशेब धरतो. गजर लावला की तो बंद करून पुन्हा कामाला लागायची सवय जडते, म्हणून फोन आला की उभं राहायचं, एवढंच ठरवून टाकलं आहे. दिवसभर उभं राहून काम करणं हाही यावरचा उतारा नव्हे. त्यात पाय सुजतात, पायांच्या शिरा फुगतात.

आणि हे दुखणं काही संगणकाने आणलेलं नाही. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन डॉक्टराने १७१३ सालीच कारकुनांच्या व्याधींची तीन कारणं नोंदवली होती: सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल आणि डोक्याला ताण. लेखणी गेली, कीबोर्ड आला, यादी तीच राहिली.

लॅपटॉप आणि मोबाइल

लॅपटॉपची स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. हात नीट ठेवावेत तर मान खाली जाते. मान सरळ ठेवावी तर खांदे कानाकडे चढतात. तुम्ही कसेही बसा, एक बाजू चुकणारच. लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर चढवा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा, आणि कीबोर्ड-माऊस वेगळे जोडा. स्क्रीन हातभर लांब असली की पुरे. चष्म्यात जवळचा नंबर खालच्या भागात असेल तर मात्र स्क्रीन थोडी खालीच ठेवा, नाहीतर वाचण्यासाठी दिवसभर हनुवटी वर करून बसाल आणि मान मागून आखडेल. माऊस हात लांबवून धरावा लागत असेल तर त्याच बाजूचा खांदा दुखेल. पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली काहीतरी घ्या.

मोबाइलबद्दल एक आकडा फार फिरतो. डोकं साधारण पाच किलोचं; ते ६० अंश खाली झुकवलं की मानेवर सुमारे २७ किलोचा भार येतो. २०१४ साली एका अमेरिकन सर्जनने मांडलेलं हे गणिती प्रतिमान आहे, कुणाच्या मानेला काटा लावून घेतलेलं माप नव्हे. त्याने घाबरून जाऊ नका. पण कोपर पोटाशी टेकवून फोन छातीच्या उंचीवर धरायला काही लागत नाही. कान आणि खांद्याच्या मध्ये फोन दाबून दोन्ही हातांनी काम करणं तेवढं सोडाच.

मुंग्या कोणत्या बोटांना येतात?

मागे काही आठवडे माझ्या उजव्या करंगळीला मुंग्या यायच्या. आधी माऊस बदलला, मग मनगटाखाली गादी घेतली. फरक शून्य. एका संध्याकाळी कोपराकडे लक्ष गेलं, तर टेबलाच्या कडेचा लाल वळ तिथे उमटलेला. वाचताना मी त्याच कोपरावर रेलून हनुवटी हातावर टेकवायचो. कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी नस करंगळीला आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला जाते; कोपर ठेचलं की झिणझिणी येते ती हीच. रेलणं सोडलं, पंधरा दिवसांत मुंग्या गेल्या.

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल, विशेषतः रात्री हात झटकून जाग येत असेल, तर संशय मनगटावर घ्यावा. तिथल्या अरुंद बोगद्यातून दुसरी नस जाते, आणि मनगट वर किंवा खाली मोडून टाइप केलं की तिच्यावर दाब येतो. मनगट सरळ रेषेत ठेवा.

पायाचंही तसंच आहे. पायावर पाय टाकून तासन्‌तास बसलं की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, अगदी कातडीखालून जाणारी नस चेंगरते. पाऊल झोपतं ते त्यामुळेही. हे रोजचंच झालं तर पंजा वर उचलण्याची ताकद कमी होऊ शकते. मागच्या खिशात फुगलेलं पाकीट ठेवून बसणाऱ्यांना कुल्ल्यापासून पायात कळ जाते, तिथे औषधाआधी खिसा रिकामा करून बघावा.

वाकताना

रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांच्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपण संध्याकाळपेक्षा एखाद-दोन सेंटीमीटर उंच असतो ते म्हणूनच. फुगलेली गादी वाकायला कडक असते, त्यामुळे उठल्या-उठल्या भरलेली बादली उचलणं किंवा खाली वाकून व्यायाम करणं टाळा.

ओझं उचलताना ‘गुडघ्यात वाका’ एवढंच सांगितलं जातं. माझ्या मते त्याहून महत्त्वाचं आहे अंतर. तेच दहा किलो पोटाशी धरले तर कमरेवर जो भार येतो, त्याच्या कितीतरी पट हात लांब करून उचलल्यावर येतो. दुसरं, वाकलेल्या अवस्थेत कंबर पिळू नका. पावलं टाकून वळा. उसण भरते ती बहुधा याच क्षणी.

दुखायला लागल्यावरच्या चुका

आठवडाभर अंथरूण धरणं ही त्यातली सगळ्यात मोठी. दोन दिवसांच्या वर पडून राहिलात तर स्नायू दुबळे होतात आणि दुखणं लांबतं. सोसेल तेवढं चालत-फिरत राहा. कमरेचा पट्टा महिनोन्‌महिने बांधू नका. आणि एमआरआयच्या अहवालात ‘गादीची झीज’ वाचून हबकू नका. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात काहीच त्रास नसलेल्या विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांत अशी झीज दिसली होती.

काही लक्षणांना मात्र खुर्ची-टेबलाचा हिशेब लागू नाही. पायातली ताकद झपाट्याने कमी होणं, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी अडणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यातलं काहीही झालं तर त्याच रात्री रुग्णालय गाठा. ताप, आपोआप घटणारं वजन किंवा झोपल्यावरही न थांबणारी वेदना असेल तर डॉक्टरांची वेळ याच आठवड्यातली घ्या.