गरीब घरातल्या मुलाचं पालकत्व घेताय? या चुका टाळा

एखाद्या संस्थेमार्फत गावाकडच्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च उचलायचा, दरमहा ठरावीक रक्कम द्यायची, अधूनमधून त्याचं पत्र यायचं. ही पद्धत जुनी आहे. १९३७ साली स्पेनच्या यादवी युद्धात होरपळलेल्या मुलांसाठी जॉन लँग्डन-डेव्हिस या ब्रिटिश पत्रकाराने अशी योजना सुरू केली, तीच पुढे 'प्लॅन इंटरनॅशनल' ही संस्था झाली. पद्धत चांगली आहे; पण लोक पैसे भरतात, प्रश्न विचारत नाहीत, आणि तिथेच घोळ होतो.

पैसा नेमका कुठे जातो, हे न विचारणं

फोटोतल्या मुलाच्या हातात आपली रक्कम पडते, असा बहुतेकांचा समज असतो. कित्येक संस्था मात्र सगळ्या देणग्या एकत्र करून गावातली शाळा, पिण्याचं पाणी, आरोग्य यांवर खर्च करतात. फोटोतलं मूल हा त्या कामाचा चेहरा. यात वावगं काही नाही, पण तुम्हाला ते आधी माहीत हवं. सरळ विचारा: या मुलाला स्वतःला काय मिळतं? फी, वह्या-पुस्तकं, वैद्यकीय तपासणी की फक्त गावाला होणारा फायदा? उत्तर गोलगोल आलं तर लेखापरीक्षण झालेला हिशेब मागा. मात्र प्रशासकीय खर्च सर्वांत कमी ती संस्था सर्वांत चांगली, हे गणित फसवं आहे. गावोगाव फिरून मुलांची चौकशी करणाऱ्या माणसालाही पगार लागतोच.

ही चौकशी किती गरजेची, ते १९९८ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून' या अमेरिकन वृत्तपत्राने दाखवून दिलं. त्यांच्या पत्रकारांनी वेगवेगळ्या संस्थांमार्फत मुलांचं पालकत्व घेतलं आणि मग त्यांचा माग काढला. एक मुलगी दगावलेली होती, तरी तिच्या नावाने पैसे घेणं चालूच होतं. म्हणून वर्षातून एकदा ताजा फोटो, इयत्ता आणि प्रगतीचा अहवाल आलाच पाहिजे. दोन वर्षांच्या अहवालांत वाक्यं जशीच्या तशी असतील तर लेखी खुलासा मागा.

दुसरीकडे, हे सगळं थोतांडच, असं म्हणून मोकळं होणंही चूक. अर्थशास्त्रज्ञ ब्रूस विडिक आणि सहकाऱ्यांनी एका संस्थेच्या सहा देशांतल्या कामाचा अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पालकत्व लाभलेली मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली होती.

पत्र आलं नाही की संशय

पत्र आधी कार्यकर्त्याकडे जातं, मग भाषांतराला, मग तुमच्याकडे. मध्ये परीक्षा असतात, पेरणी असते, कामासाठी घरच्यांचं स्थलांतर असतं. तीन-चार महिने वाट पाहा, मग चौकशी करा.

आणि आलेलं पत्र असं असतं: 'मी बरी आहे. आई बरी आहे. आमच्या शेळीला दोन पिल्लं झाली.' संपलं. यावर आपण लिहितो, 'अभ्यास कसा चाललाय? मोठेपणी कोण होणार?' पुन्हा तीनच ओळी येतात. त्याऐवजी पिल्लांची नावं विचारा, त्यातलं खोडकर कोणतं ते विचारा. मूल कधीकधी कागदाची मागची बाजूही भरून टाकतं. तुमचं नवं घर, गाडी, परदेशवारी यांची वर्णनं नकोत. 'एकदा तुला इकडे घेऊन येईन' हे तर चुकूनही लिहू नका. मोठी माणसं असं सहज बोलून जातात हे त्या मुलाला ठाऊक नसतं.

एकालाच भेटवस्तू

थोरल्याला सायकल मिळाली आणि धाकटी दारात उभी राहून बघतेय, हे दृश्य आपल्याला दिसत नाही. सगळ्या भावंडांना एकत्र अभ्यास करता येईल असा सौर दिवा बरा. तोही संस्थेला विचारूनच.

संस्थेला वगळून संपर्क

समाजमाध्यमांवर मुलाला शोधू नका, घरी परस्पर पैसे पाठवू नका, गावाच्या नावासकट फोटो टाकू नका. परस्पर मागणी आली तर स्वतः हो-नाही न म्हणता ती संस्थेला कळवा. भेटीला जायचं असेल आणि संस्था तुमची पार्श्वभूमी तपासू लागली, तर रागावू नका. ओळख न तपासता मुलाला एकट्याने भेटू देणारी संस्था सरळ सोडून द्या. शिवाय मुलाचे आईवडील आहेत. त्याने काय शिकावं, कुठे राहावं हे ठरवणारे तुम्ही नव्हे.

मध्येच हात काढून घेणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक, आणि भोगतं मूल. शाळा संपेपर्यंत झेपेल एवढीच रक्कम कबूल करा. खात्री नसेल तर पालकत्वाऐवजी संस्थेला साधी देणगी द्या. उत्पन्न आटलंच, तर हप्ता चुकवण्याआधी कळवा, म्हणजे दुसरा दाता शोधायला वेळ मिळतो. मूलच योजनेतून बाहेर पडलं तर संस्था बहुधा लगेच दुसऱ्याची माहिती पाठवते. तो कागद भरण्याआधी पहिलं मूल का गेलं ते विचारा. घर दुसरीकडे गेलं, काम लागलं, की लग्न लावलं? निरोपाचं पत्र पोचवता येईल का, हेही त्याच वेळी विचारून घ्या. उशीर झाला की पत्ता लागत नाही.