टेपरेकॉर्डर नसताना जुन्या घरगुती संगणकात प्रोग्रॅम कसे भरावेत

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या परिसरात एखाद्या घराच्या माळ्यावर 1980 च्या दशकातला घरगुती संगणक सापडला, तर कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठवलेले प्रोग्रॅम त्यात भरणारा टेपरेकॉर्डर बहुधा सापडत नाही, किंवा सापडलाच तर त्याचे रबरी पट्टे वितळून चिकट झालेले असतात. आपल्या देशात त्या काळी दोन यंत्रे विशेष पोचली. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने 1986 मध्ये परवान्याने आणलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस हे एक, आणि 1984-85 च्या ‘क्लास’ या शालेय संगणक-साक्षरता प्रकल्पातून शाळांत गेलेला बीबीसी मायक्रो हे दुसरे. या दोन्ही यंत्रांच्या बाबतीत एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: त्यांना टेपरेकॉर्डर लागत नाही, त्यातून येणारा आवाज लागतो. तो आवाज पुरेसा जोरकस आणि स्वच्छ असला, की तो कॅसेटमधून येतो की मोबाईलमधून, हे यंत्राला कळत नाही. म्हणून महागडी उपकरणे मागवण्याआधी घरातला मोबाईल किंवा लॅपटॉप आणि एक साधी वायर एवढ्यावर प्रयत्न करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याही आधी वीजपुरवठा तपासावा. स्पेक्ट्रमला 9 व्होल्ट डीसी लागतात, पण त्याच्या पिनची जोडणी आजच्या बहुतेक अडॅप्टरांच्या उलट, म्हणजे आत ऋण आणि बाहेर धन, अशी आहे. बाजारातला कोणताही 9 व्होल्टचा अडॅप्टर आणून लावला, तर आतल्या चिप क्षणात जळू शकतात. मल्टिमीटरने खात्री केल्याशिवाय बटण दाबू नये. चित्रासाठी जुना टीव्ही यूएचएफच्या 36 व्या चॅनेलच्या आसपास जुळवावा.

आता वायर. स्पेक्ट्रमच्या मागे ‘इअर’ आणि ‘माइक’ अशी 3.5 मिलिमीटरची दोन भोके असतात; त्यांपैकी ‘इअर’मध्ये आवाज आत जातो. ही भोके मोनो आहेत, तर मोबाईलचे भोक स्टिरिओ असते. त्यामुळे एका टोकाला स्टिरिओ आणि दुसऱ्या टोकाला मोनो पिन असलेली वायर करून घ्यावी: स्टिरिओ पिनचे टोक मोनो पिनच्या टोकाला, आणि बाहेरची जाळी बाहेरच्या जाळीला. मधली कडी मोकळीच ठेवावी, डावा-उजवा आवाज एकत्र डागू नये. हे काम गणेशोत्सवात साउंड सिस्टिम लावणारा कोणताही माणूस पाच मिनिटांत करून देतो, आणि त्याच्याकडे जाळीची चांगली माइक-वायरही असते. मोबाईलला भोक नसेल, तर यूएसबी-सीचा हेडफोन अडॅप्टर चालतो. ब्लूटूथ मात्र चालत नाही, कारण त्यात आवाज दाबून पाठवला जातो आणि लहरींच्या कडा बिघडतात.

हाच नियम फाइलला लागू आहे. स्पेक्ट्रमच्या टेपच्या प्रती ‘टॅप’ किंवा ‘टीझेडएक्स’ प्रकारच्या फाइलमध्ये असतात. त्या फाइलमध्ये आवाज नसतो, आवाजाचे वर्णन असते, म्हणून आधी तिची ‘वेव्ह’ फाइल करावी लागते. ‘फ्यूज’ या एम्युलेटरच्या (आजच्या संगणकावर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) जोडसामग्रीतला ‘टेप-टू-वेव्ह’ हा मोफत प्रोग्रॅम हे काम नीट करतो. एमपीथ्री करू नये; जागा वाचते, पण भरवसा जातो. मोबाईलमधले इक्वलायझर, बास बूस्ट आणि सराउंड हे सर्व परिणाम बंद करावेत आणि मोबाईल फ्लाइट मोडवर टाकावा, नाहीतर चौथ्या मिनिटाला आलेल्या एका संदेशाच्या टणकाराने सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

प्रत्यक्ष भरताना सर्व जोडण्या यंत्र बंद असताना कराव्यात. मग स्पेक्ट्रम सुरू करून ‘जे’ ही कळ दाबावी, म्हणजे ‘लोड’ हा पूर्ण शब्द उमटतो. त्यानंतर सिम्बॉल शिफ्ट आणि ‘पी’ एकत्र दोनदा दाबून दोन अवतरणचिन्हे द्यावीत आणि एंटर करावे. आवाज सुमारे तीन चतुर्थांश ठेवून फाइल चालवावी. यापुढे पडद्याच्या कडेकडे बारकाईने पाहावे, कारण यंत्र काय ऐकते आहे ते तिथेच दिसते. सुरुवातीला सुमारे पाच सेकंद एकच सूर येतो, त्याची कंपने सेकंदाला सुमारे 807. या वेळी कडेवर लाल आणि आकाशी रंगाचे सारख्या जाडीचे आडवे पट्टे संथपणे सरकताना दिसले, म्हणजे यंत्राने सूर पकडला. लगेच निळ्या-पिवळ्या बारीक रेघांची क्षणभर झुंबड उडते आणि प्रोग्रॅमचे नाव पडद्यावर येते. ते नाव म्हणजे केवळ 17 बाइटांचे शीर्षक होय. खरा मजकूर त्यानंतर दोन सेकंदांच्या छोट्या सुरानंतर सुरू होतो. पूर्ण 48 केबीचा खेळ भरायला चार-पाच मिनिटे लागतात.

पट्टे अजिबात आले नाहीत आणि कड नुसतीच लाल-आकाशी बदलत राहिली, तर आवाज कमी पडतो आहे. अनेक मोबाईल कानाच्या काळजीपोटी हेडफोनचा आवाज मर्यादित ठेवतात. ती मर्यादा सेटिंगमध्ये उठवता येते. तरीही भागले नाही, तर एलएम 386 या चिपचा छोटा अँप्लिफायर मध्ये बसवावा आणि मोबाईलचा आवाज निम्म्यावर आणावा. इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बाजारात सहज मिळणारे पीएएम 8403 या चिपचे अँप्लिफायर बोर्ड या कामाला वापरू नयेत, कारण त्यांच्या आउटपुटची ऋण तार ही ग्राउंड नसते आणि ती संगणकाच्या ग्राउंडला जोडली, की बोर्ड बिघडू शकतो.

पट्टे येतात, नावही येते, पण मध्येच ‘टेप लोडिंग एरर’ येते, असे झाले तर आवाज प्रमाणाबाहेर वाढून लहरींची डोकी कापली जात आहेत किंवा घरघर मिसळते आहे. लॅपटॉप वापरत असाल, तर त्याचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावे. जुन्या वाड्यांत अर्थिंग नीट नसते आणि तिथे हा एक उपाय बहुतेक वेळा पुरतो.

बीबीसी मायक्रोची गोष्ट थोडी वेगळी, आणि माझ्या मते अधिक सुखाची आहे. त्याला सात पिनांचा डिन प्लग (जुन्या ऑडिओ यंत्रांचा गोल प्लग) लागतो. कोणत्या पिनला काय येते ते यंत्राच्या पुस्तिकेतून पाहूनच डागावे. त्याच्या फाइल ‘यूईएफ’ प्रकारच्या असतात आणि त्यांचीही आधी वेव्ह फाइल करावी लागते. यंत्रात डिस्कची सोय असेल, तर प्रथम ‘स्टार टेप’ (*TAPE) ही आज्ञा द्यावी, मग ‘चेन’ (CHAIN) आणि दोन अवतरणचिन्हे. बीबीसी 256 बाइटांचे एकेक तुकडे भरतो आणि प्रत्येक तुकड्याचा क्रमांक दाखवतो. एखादा तुकडा चुकला, तर तो टेप मागे घ्यायला सांगतो. मोबाईलवर सरकपट्टी वीसेक सेकंद मागे ओढली, की तो चुकलेल्या तुकड्यापासून पुढे चालू लागतो. स्पेक्ट्रममध्ये ही सवलत नाही. मात्र बीबीसीच्या आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, टेपरेकॉर्डरची मोटर स्वतः बंद-चालू करत असे आणि मोबाईलला ते कळत नाही. म्हणून अनेक भागांचा प्रोग्रॅम असेल, तर रिलेचा ‘टक्’ असा आवाज आला, की आपण हाताने फाइल थांबवावी आणि पुन्हा ‘टक्’ झाले, की सुरू करावी.

त्याच काळातल्या कमोडोर 64 या घरगुती संगणकाला मात्र यातले काहीही लागू नाही. त्याच्या कॅसेटच्या जागेतून आवाज जात नाही, 5 व्होल्टचे अंकीय संकेत जातात. तिथे मोबाईलची वायर कधीही जोडू नये. त्यासाठी मेमरी कार्डावरून चालणारे टॅपुइनो किंवा एसडी-टू-आयईसी हेच घ्यावे, आणि यंत्र बंद असताना कनेक्टरची बाजू दोनदा पाहून बसवावे.

ज्यांच्याकडे स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या कॅसेट आहेत त्यांनी आणखी एक काम लांबणीवर टाकू नये. खानापूर-जांबोटीकडच्या पावसाळ्यात टेपवर बुरशी धरते. पांढरी बुरशी दिसत असेल तर ती कॅसेट तशीच चालवू नये, आधी सिलिका जेलसह बंद डब्यात सुकवावी. मग एखाद्या काकांकडचा चालू स्थितीतला टू-इन-वन (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र) एका दिवसासाठी मागून आणावा, त्याचे हेड स्पिरिटने पुसावे, आणि लॅपटॉपवर मोनो, 44,100 हर्ट्झ, 16 बिट या मापाने वेव्ह फाइल ध्वनिमुद्रित करावी. आवाज दबका वाटत असेल, तर हेडजवळचा छोटा स्क्रू अगदी थोडा फिरवून तो जास्तीत जास्त तीक्ष्ण होईल तिथे थांबावे.

उलट बाजूने, स्पेक्ट्रमवर नव्याने लिहिलेला प्रोग्रॅम जपायचा असेल, तर ‘माइक’मधून लॅपटॉपच्या साउंड कार्डात वायर न्यावी, ध्वनिमुद्रणातली गोंगाट कमी करणारी सोय बंद करावी आणि ‘सेव्ह’ करताना ‘इअर’ची वायर काढून ठेवावी. त्यानंतर तीच फाइल ‘इअर’मधून परत ऐकवून ‘व्हेरिफाय’ ही आज्ञा द्यावी. पडद्यावर ‘ओके’ येईपर्यंत यंत्र बंद करू नये.