मेट्रिक डायमेन्शन: ‘एक काढला की मोडतं’ एवढ्यावर थांबू नका

व्याख्या येते असं धरतो. ग्राफ म्हणजे ठिपके (शिरोबिंदू) आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा; अंतर म्हणजे कमीत कमी किती रेषा ओलांडाव्या लागतात ते. काही शिरोबिंदू निवडायचे, आणि त्यांच्यापासूनची अंतरं क्रमाने लिहिली की प्रत्येक शिरोबिंदूचा कोड वेगळा यायला हवा. असा सगळ्यात लहान संच केवढा, ते मेट्रिक डायमेन्शन. स्लेटर यांनी 1975 ला, हॅरारी-मेल्टर यांनी 1976 ला हे मांडलं. व्हायव्हापुरतं तेवढं पाठ ठेवा.

घोळ ‘सगळ्यात लहान’मध्ये होतो: ‘संचातला एक काढला की मोडतं, म्हणजे हाच सगळ्यात लहान’ असं लिहून मोकळे होतात. नांदेड, पूर्णा, परभणी, सेलू, जालना ही पाच स्टेशनं एका रांगेत घ्या, मधली सोडा; शेजारच्या दोघांत अंतर 1. संच घेतला पूर्णा आणि परभणी. नांदेडचा कोड (1,2), सेलूचा (2,1), जालन्याचा (3,2). सगळे वेगळे. परभणी काढा: पूर्णेपासून नांदेडही 1 वर, परभणीही 1 वर. पूर्णा काढा: परभणीपासून पूर्णा आणि सेलू दोन्ही 1 वर. दोन्हींतलं एकही काढता येईना, म्हणून उत्तर 2? साफ चूक. नुसतं नांदेड घ्या: 0, 1, 2, 3, 4. उत्तर 1. काढून पाहिलं ती तुमच्याच संचाची परीक्षा झाली. बाकीच्या संचांना कुणी विचारलंच नाही. प्रबंधाची अख्खी प्रकरणं इथे आडवी होतात, आणि ‘संच सापडला ना, मग लिहून टाक’ म्हणणारे गाइडही कमी नाहीत.

घाबरू नका, खालची मर्यादा (उत्तर याहून लहान असूच शकत नाही, हे) कित्येकदा दोन ओळींत निघते. पीटरसन ग्राफ बघा: 10 शिरोबिंदू, व्यास (कुठल्याही दोघांतलं जास्तीत जास्त अंतर) 2. दोन निवडले तर उरले 8, आणि त्यांची अंतरं फक्त 1 किंवा 2, म्हणजे कोड जास्तीत जास्त 4. आठ जणांना चार कोड पुरणार कसे? आता 3 चा चालणारा संच दाखवला की काम झालं.

प्रोग्रॅम चालवून अंदाज बांधायला हरकत नाही. पण n (शिरोबिंदूंची संख्या) = 5 ते 9 चा तक्ता पाहून ‘सर्व n साठी’ लिहिलंत तर पेपर परत येणारच. सर्वसाधारण ग्राफसाठी हा प्रश्न एनपी-हार्ड आहे (झटपट सोडवायची रीत कुणाला सापडलेली नाही), त्यामुळे मोठ्या n ला प्रोग्रॅमही हात टेकतो.

ग्रिडला (उभ्या-आडव्या ओळींच्या जाळीला) उत्तर 2, पण कोपरे बघून घ्या. चौफुली (उभ्या-आडव्या सरळ ओळींत लावलेल्या) कापसाच्या शेतात, अंतर ओळीओळीने झाडं मोजत धरून, तिरपे समोरासमोरचे कोपरे घेतले तर दोन्ही अंतरांची बेरीज सगळ्या झाडांना सारखीच येते, दुसरा कोपरा फुकट जातो. एकाच धुऱ्यावरचे दोन कोपरे घ्या: बेरजेतून ओळ कळते, वजाबाकीतून तास, म्हणजे तिला आडवी जाणारी ओळ.