मांजर घरात ठेवायचं तर: खान्देशातल्या घराची तयारी

मांजराला घरात राहायची सवय दिवाळीनंतर लावायला घ्या, चैत्र-वैशाखात नको. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना टेकतो, तेव्हा दारं-खिडक्या बंद ठेवणं माणसालाच जमत नाही.

मांजरं घरातच ठेवण्याचा नियम काढणाऱ्यांना काय अपेक्षित असतं तेही आधी पाहा. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेऱ्यात, १ जुलै २०२२ पासून जन्मलेलं प्रत्येक मांजर मालकाच्या हद्दीत राहिलंच पाहिजे. कातडीखाली ओळखीची चिप, नसबंदी आणि नोंदणीही लागते. जर्मनीतल्या वॉलडॉर्फ शहरात जिल्हा प्रशासनाने त्याच वर्षी जमिनीवर घरटं करणाऱ्या तुरेवाल्या चंडोल पक्ष्यासाठी शहराच्या एका भागात ऑगस्टअखेरपर्यंत मांजरं बाहेर सोडायला मनाई केली, पण दोन मीटरच्या दोरीने फिरवायला मुभा ठेवली. म्हणजे खोलीत डांबायचं नाही, हद्द ओलांडू द्यायची नाही. जाळी मारलेला ओटा किंवा गच्चीचा कोपरा चालतो. आपल्या नगरपालिकेने किंवा सोसायटीने असं काही काढलंच, तर हद्दीची व्याख्या पहिल्यांदा वाचा. सगळा खर्च तिच्यावर ठरतो.

मग घराची भोकं शोधा. डोकं गेलं की मांजराचं अंग जातं, त्यामुळे खिडकीच्या गजांचा भरवसा नाही. नायलॉनची मच्छरजाळी नखांनी फाटते आणि चिकटपट्टीवर लावलेली जाळी मांजराने एकदा अंग टाकलं की सुटते. एक इंची चौकोनाची वेल्डमेश, म्हणजे तारा जोडून केलेली लोखंडी जाळी, घ्या, चौकटीवर दर वीतभर अंतरावर वॉशर घालून स्क्रूने आवळा. गच्चीच्या कोपऱ्याला वरूनही जाळी लागेल. कठड्यावर उभी जाळी लावली तर मांजर ती चढून जातं.

सगळ्यात जास्त मांजरं निसटतात ती कूलरच्या खिडकीतून. कूलर आणि चौकट यांच्या फटीत आपण पुठ्ठा कोंबतो; तो दमट होऊन मऊ पडतो आणि मांजर पंजाने बाजूला सारतं. तिथे प्लायवूड कापून बसवा. कूलर सर्व्हिसिंगला काढला की खिडकी उघडी राहते, त्या दिवशी मांजर दुसऱ्या खोलीत ठेवा. दुसरी वाट माणसांची: उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला जाताना उघडं राहिलेलं जिन्याचं दार आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी-पोराबाळांनी भरलेलं घर. अशा दिवसांत दारावर चिठ्ठी लावून भागत नाही, मांजर एका खोलीत आणि खोलीला कडी.

शी-शूसाठी मांजरांपेक्षा एक घमेलं जास्त ठेवा: एकाला दोन, दोघांना तीन. मांजराच्या दीडपट लांब, आत दोन-तीन इंच चाळलेली वाळू. लाकडाचा भुसाही चालतो, पण बारीक धुळीचा नको. खाण्याच्या भांड्यापासून लांब ठेवा आणि रोज साफ करा. मांजराला टॉक्सोप्लाझ्मा (पोटातल्या गर्भाला घातक असलेला सूक्ष्म परजीवी) असलाच तर शीमधली त्याची अंडी संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो. घरात गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्याने करायचं. फिनाईलने घमेलं धुऊ नका, मांजराला ते विषारी आहे.

पाण्याकडे विशेष लक्ष द्या. घरात बसलेलं, कोरडं खाणं खाणारं मांजर पाणी कमी पितं, आणि बोक्यांमध्ये त्यातून लघवी अडते. बोका पुन्हा पुन्हा घमेल्यात बसून कण्हत असेल आणि थेंबही येत नसेल तर सकाळची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दोन-तीन ठिकाणी पसरट मातीची भांडी ठेवा, ओलं खाणं द्या. नुसत्या दूध-भाकरीवर मांजर जगवू नका: टॉरिन हे मांस-मासळीतलं पोषकद्रव्य मिळत नाही, दृष्टी आणि हृदय दोन्ही बिघडतात. बाहेर उंदीर-चिमण्या मारून ते भरून निघत होतं, आता ते आपल्याकडून मासे, मटण किंवा तयार खाद्यातून जायला हवं.

सवय लावण्याआधी नसबंदी आणि लसी उरकून घ्या. नसबंदी पाच-सहा महिन्यांच्या वयात. माजावर आलेली मांजरी आणि वास लागलेला बोका कुठलीही जाळी पोखरू पाहतात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, पुढे डॉक्टर सांगतील तशी. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, नोंदणीला तेच मागतात.

शेतातलं मांजर घरी आणलं तर गोठ्यात उंदीर वाढतील, हे खरंच आहे. पिंजरे लावा, ब्रोमॅडिओलोन या उंदरांच्या विषाच्या वड्या नकोत, कारण त्या खाल्लेला उंदीर मांजराच्या हाती लागला तर विष त्यालाही चढतं.

सवय रात्रीपासून लावा. संध्याकाळचं खाणं दारं लावल्यावरच द्या, सकाळी सोडा. आठवडाभराने सोडण्याची वेळ दुपारकडे ढकलत न्या. तीन-चार आठवडे दारापाशी ओरडणं चालेल. त्या ओरडण्याला एकदा दार उघडलंत, तर पुढचे आठ दिवस ते दुप्पट ओरडेल. खिडकीलगत उंच फळी, खरवडायला सुतळी गुंडाळलेला खांब आणि रोज दहा-पंधरा मिनिटं दोरी ओढून खेळ, एवढं पुरतं. वीज गेली की पत्र्याच्या खोलीत मांजर ठेवू नका. तोंड उघडून धापा टाकत असेल तर पंजे-पोट साध्या पाण्याने ओलं करा, बर्फ नको, आणि थेट दवाखाना.

तरीही निसटलंच, तर लांब शोधू नका. घरातलं मांजर बहुधा दोन-चार घरांच्या आतच, लाकडांच्या ढिगात किंवा गाडीखाली दबून बसतं. रात्री रस्ता शांत झाल्यावर बॅटरी घेऊन जा, डोळे चमकतात. खाण्याचा डबा वाजवा आणि मागचं दार उघडं ठेवा.