रिकाम्या इमारतीकडे पावसानंतर जा

बंद पडलेल्या दुकानांच्या इमारतीचं काय करावं, असं कुणी विचारलं की मी पहिल्या भेटीत उत्तर देत नाही. टॉर्च, मोजपट्टी आणि वही घेऊन आधी आत फिरते. जमलं तर जोराचा पाऊस पडून गेल्यावरच जाते. छताला ओल कुठे धरलीय, पाणी कुठून झिरपतंय, ते त्या दिवशी शोधावं लागत नाही. नवा वापर ठरायला दोन वर्षं लागली तरी चालेल, पण तुंबलेल्या पन्हळी याच आठवड्यात मोकळ्या करा. चांगल्या भक्कम इमारती मी निव्वळ गळतीनं गेलेल्या पाहिल्यात आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग उजेड बघा. खिडकीची वरची कड जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. त्याच्या साधारण दोन-अडीच पट आतपर्यंत कामापुरता दिवसाचा उजेड पोचतो, म्हणजे कड अडीच मीटरवर असेल तर पाच-सहा मीटर. मोठ्या दुकानांचे मजले याहून कितीतरी खोल असतात. ‘इथे घरं काढू’ ही सगळ्यांच्या तोंडी येणारी कल्पना बहुतेक वेळा याच मोजमापाशी अडते. शिवाय संडासाचे पाइप सगळे एकाच कोपऱ्यात असतात. आतल्या अंधाऱ्या भागात तालमीची खोली, साठवण, छोटं नाट्यगृह बसवा, आणि खिडक्यांलगत वर्ग, दवाखाना, शिवणकामाची कार्यशाळा.

वजनाच्या बाबतीत मी एकदा चुकले. एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर वाचनालय आखलं, नकाशे पूर्ण केले आणि मग स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे गेले. घराच्या मजल्यावर चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरतात, दुकानाच्या मजल्यावर 400, आणि पुस्तकांच्या दाट कपाटांसाठी 600 च्याही वर. महिन्याभराचं काम बाजूला ठेवावं लागलं. तेव्हापासून आधी इंजिनिअर, मग नकाशा. टेक्सासमधल्या मॅकॲलनचं सार्वजनिक वाचनालय 2011 मध्ये वॉलमार्टच्या रिकाम्या दुकानात गेलं, त्याची निवड मला म्हणूनच अचूक वाटते. एकमजली इमारत, त्यामुळे कपाटांचं ओझं पेलायला खाली जमीनच.

आवाजाकडे मात्र लोक हमखास दुर्लक्ष करतात. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टनच्या हायस्कूलच्या इमारतीत पीसीबी हे विषारी रसायन सापडलं, तेव्हा 2021 मध्ये शाळा मेसीज या मोठ्या दुकानसाखळीच्या बंद दुकानात हलवली. मुलं सरकत्या जिन्यानं वर्गात जाऊ लागली. जागा मिळाली हे मोठंच काम झालं, पण वर्गांच्या भिंती छतापर्यंत नव्हत्या आणि शेजारचा तास इकडे ऐकू येई. पैसे थोडे असतील तर रंगरंगोटी राहू द्या, भिंती छताला टेकवा. आगीच्या वेळी बाहेर पडायला दुसरी वाट आहे का आणि वापरबदलाला परवानगी लागते का, हे खर्चाआधीच विचारून घ्या.

आता मालक. त्याची खरी भीती एकच असते: जागा अडकेल. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये मार्कस वेस्टबरी यांनी 2008 साली ‘रिन्यू न्यूकॅसल’ हा उपक्रम सुरू केला, तेव्हा त्यांनी मालकांकडे भाडेपट्टा मागितला नाही. 30 दिवसांच्या सूचनेवर जागा सोडू, एवढ्या अटीवर वापराचा परवाना मागितला आणि बंद दुकानांत कलाकार-कारागीर बसवले. तुम्हीही सगळी इमारत मागू नका, एक गाळा मागा. विजेचं बिल कोण भरणार, विमा कुणाचा, जाताना काय काढून न्यायचं, हे कागदावर लिहा. भिंतीत काही पक्कं बसवू नका, सुटं सामान वापरा.

गाळा रस्त्याच्या कोपऱ्यावरचा निवडा आणि संध्याकाळी आतला दिवा बाहेरून दिसेल असा लावा. सकाळ, दुपार, संध्याकाळ किती जण थांबतात ते मोजा. शेजारच्या गाळ्याची चौकशी करायला कोण आलं आणि त्यांना तो कशासाठी हवाय, तेही त्याच वहीत लिहीत जा.